साकवाचं पलीकडचं टोक

जोयड्याच्या पुढे चार मैल,
९ जुलै १९६३

चि. पुंडलिक,

आशीर्वाद घे आणि लगेच कामाला लाग, कारण हे पत्र कामाचं आहे. रामनगरला आत्या बरी आहे. तिचा लेक बंगळूरला माणसांच्या मनाचा अभ्यास करतो, असं ती सगळ्या बाजाराला सांगते आणि बाजार समजतो की तू वेड्यांचा डॉक्टर झालास. मीही आजवर त्यावर हसत होते. आता माझीच पाळी आली आहे.

माझी नोकरी तुला ठाऊक आहे. सरकारी सुईण, नऊ वाड्या माझ्याकडे. त्यांतली एक व्हाळाच्या पलीकडे, अकरा घरांची. तिला सगळे पल्याडवाडाच म्हणतात. हा व्हाळ उन्हाळ्यात घोट्याएवढा असतो आणि आषाढात झाडं उपटून नेतो. म्हणून पावसाळ्यापुरता लोक त्यावर साकव घालतात. दोन लांब ओंडके, त्यांवर वेलीने बांधलेले आडवे बांबू आणि धरायला एका बाजूला एक बांबू. मोजून चाळीस पावलं. पक्क्या पुलाने जायचं तर दहा मैलांचा वळसा. पलीकडे कोणी बाळंत होणार असलं की ते काठावर येऊन काशाचा थाळा बडवतात, मी पिशवी उचलते आणि निघते. मी इथे आल्यापासून तीन वर्षं हे असंच चाललं.

गेल्या महिन्यात, २४ जूनला, मधोमध एक बांबू सरकला. माझा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला आणि पिशवी पाण्यात गेली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. रांगत परत आले. तेव्हापासून साकवावर पाय ठेवला की छाती धडधडते, तळहात ओले होतात आणि कानात घूं होतं. दोनदा गेले, दोनदा पाचव्या पावलावरून परत आले.

मी भित्री नाही, तुला माहीत आहे. लहानपणी विहिरीत तुला मी ढकललं होतं, तू मला नाही. मग हे काय आहे? मला खरोखर कुतूहल वाटतं. आपलंच शरीर आपलं ऐकत नाही, हे प्रथमच पाहते आहे.

पलीकडे परशूची बायको सुंदरी पहिलटकरीण आहे. एकोणीस वर्षांची, पाय सुजलेले. गणपतीच्या चवथीनंतर पंधरा दिवसांत दिवस भरतील. तोवर मला हा साकव ओलांडता आला पाहिजे. नाहीतर वरती कळवून बदली मागावी लागेल आणि या रानात माझ्या जागी कोण येणार?

तुझी,
यमुनाक्का


बंगळूर,
१८ जुलै १९६३

प्रिय अक्का,

पायांवर डोकं ठेवतो, पण विहिरीची गोष्ट अजून विसरलेलो नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. इथे आमच्याकडे परदेशातली मासिकं येतात. हल्ली काही डॉक्टर एक नवीच गोष्ट मांडू लागले आहेत. त्यांचं म्हणणं असं की मनावरचा ताण नुसत्या प्रसंगाने येत नाही. त्या प्रसंगी मनात एक वाक्य चमकून जातं, त्याने येतो. ते वाक्य इतक्या घाईने येऊन जातं की आपल्याला ते कळतच नाही, नुसती धडधड कळते. म्हणून ते वाक्य पकडायचं, कागदावर आणायचं आणि कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी घेतात तशी त्याची घ्यायची. हे खरं कशावरून? याच्या उलट काही पुरावा आहे का?

आमचे प्राध्यापक याला अजून हसतात. मला मात्र ते करून पाहावंसं वाटतं.

तर तू असं कर. कागदावर चार रकाने आख. पहिल्यात कुठे होतीस, दुसऱ्यात मनात काय आलं ते जसंच्या तसं, तिसऱ्यात भीती शंभरात किती, चौथ्यात प्रत्यक्षात काय घडलं. दुसरं, एकदम चाळीस पावलं जाऊ नकोस. रोज पाऊस थोडा उघडला की जा. आज पाच पावलं जा आणि तिथेच उभी राहा. धडधड वाढेल. पळू नकोस. थांबलीस तर ती आपोआप उतरते असं म्हणतात. उतरली की मग परत ये. उद्या सात.

उतरते का, आणि किती वेळात, ते मला घड्याळ लावून कळव. हे मी तुझ्यासाठी विचारतो आहे, पण थोडं माझ्यासाठीही.

तुझा,
पुंडलिक


जोयड्याच्या पुढे चार मैल,
३० जुलै १९६३

चि. पुंडलिक,

तुझे ते परदेशी डॉक्टर अगदीच नाकाने कांदे सोलणारे नसावेत. धडधड उतरते. पहिल्या दिवशी पाचव्या पावलावर अकरा मिनिटं लागली, तिसऱ्या दिवशी सहा. मी छत्री धरून साकवावर उभी आणि नजर घड्याळावर. अलीकडच्या काठावर निम्मं गाव जमलं होतं. अक्का कसली वाट बघते, हे त्यांना कळेना.

शंभरात भीती किती हे मात्र मला सांगता येईना. मी दिवसभर भात मोजणाऱ्या लोकांत वावरते, म्हणून शेर आणि पायलीत लिहिली आहे. चार शेरांची पायली, विसरला नसशील तर. कागद सोबत जोडला आहे. पाचव्या पावलाला एक शेर. मधोमध, जिथे बांबू सरकला आणि जिथे पाणी सर्वांत खोल आहे, तिथे तीन शेर. त्यापुढे वाढत जाऊन अडतिसाव्या पावलाला दोन पायल्या. तिथून मी परत फिरले. दुसऱ्या रकान्यात सगळीकडे एकच लिहिलं आहे, ‘पडेन’. चौथ्यात सगळीकडे ‘पडले नाही’. हे वाचून माझं मलाच हसू आलं.

म्हणजे अडतीस पावलं मी गेले. फक्त दोन उरली आहेत. तुला शाबासकी.

लोकही फार चांगले आहेत. परशूने दुसऱ्या बाजूलाही धरायला बांबू बांधला. शिवाय मी चालताना तो मागून माझ्या पदराचं टोक धरतो. मला पाठीवर घेऊन जायलाही तयार होता, मी नको म्हटलं. पल्याडवाड्याच्या बायका आता आपली पोरं घेऊन स्वतःच इकडे येतात, म्हणजे मला जायला नको. परवा सुंदरी तपासून घ्यायला आली होती. आठवा महिना सरत आलाय, तरी आली. माझ्यासाठी एवढं कोण करतं?

तुझी,
यमुनाक्का


बंगळूर,
७ ऑगस्ट १९६३

प्रिय अक्का,

तुझा कागद मिळाला. पायलीचं माप मला फार आवडलं. इतकं आवडलं की तुझं पत्र मी आमच्या वर्गात वाचून दाखवलं, अर्थात नाव न सांगता. प्राध्यापकही या वेळी हसले नाहीत. त्यांनी कागद दोनदा पाहिला.

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगतो, रागावू नकोस. पहिली. पदर धरणं, दुसरा बांबू, बायांनी इकडे येणं, हे सगळं प्रेमाचं आहे आणि सगळं तुझ्या भीतीला खतपाणी घालणारं आहे. ‘परशू होता म्हणून वाचले’ असं मन धरून बसतं आणि स्वतः काहीच शिकत नाही. आणि अक्का, आठव्या महिन्याची बाई सुजलेल्या पायांनी त्याच साकवावरून आली. तुझी भीती तू पायलीने मोजलीस. तिला धोका किती होता, तो कुठल्या रकान्यात लिहायचा?

दुसरी गोष्ट ही कागदावरची. मधोमध पाणी खोल, बांबू तिथेच सरकला, तरी भीती तीन शेर. पलीकडे पाणी उथळ, काठ हातभर अंतरावर, तिथे दोन पायल्या. पडायचीच भीती असती तर उलट हवं होतं. तू आकडे अदलाबदल करून लिहिलेस असं मला आधी वाटलं. माझा एक वर्गमित्र म्हणाला की खेड्यातली माणसं अशा नोंदी नीट ठेवू शकत नाहीत. मी त्याच्याशी भांडलो, पण शंका माझ्याही मनात आहे. कागद पुन्हा तपासून पाहशील का? आणि दुसऱ्या रकान्यात ‘पडेन’ याशिवाय आणखी काही येतं का ते बघ. शेवटच्या दोन पावलांशी उभी राहून बघ.

तुझा,
पुंडलिक


जोयड्याच्या पुढे चार मैल,
२१ ऑगस्ट १९६३

पुंडलिक,

परवा चवथ आहे. गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधायला रानातली फळं घेऊन लोक दारावरून जातायत आणि मी आत बसून तुला लिहिते आहे. तुझं पत्र आल्यावर आठवडाभर मुद्दामच लिहिलं नाही.

नाव न सांगता म्हणे. जोयड्याजवळची सरकारी सुईण म्हटल्यावर माझं नाव सांगायचं काय उरलं? माझी भीती मी तुला दिली होती, तुझ्या वर्गाला नाही. आणि तुझ्या त्या वर्गमित्राला सांग की मी बाळांची वजनं सात वर्षं लिहिते आहे, एक आकडा इकडचा तिकडे झालेला नाही. नोंद बरोबर आहे. चुकले ते दुसरीकडे.

राग आला तरी तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. मागच्या बुधवारी मी परशूला काठावरच थांबवलं आणि एकटी गेले. अडतिसाव्या पावलावर उभी राहिले. पलीकडे पायवाट दिसते आणि वळणावर परशूच्या घराचं छप्पर दिसतं. ते छप्पर दिसलं आणि वाक्य आलं. अगदी स्वच्छ आलं. ‘पोचशील आणि तुझ्या हातून मूल जाईल.’

आता जे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. २४ जूनला मी सहज म्हणून पलीकडे निघाले नव्हते. थाळा वाजला होता. परशूची थोरली वहिनी, केशर, अडली होती. माझा पाय अडकला, पिशवी गेली, मी रांगत परत आले आणि पलीकडे ओरडून सांगितलं की दुसरी पिशवी घेऊन येते. दुसरी पिशवी घरात होती. ती घेऊन मी उंबऱ्यावर बसले. संध्याकाळपर्यंत बसून राहिले. उठताच येईना. दिवेलागणीला निरोप आला की मुलगा झाला, पण जन्मला तो मेलेलाच.

मला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट म्हणतात, अक्का स्वतःच मरता मरता वाचली. पिशवी घरातच होती आणि मी ती घेऊन बसून राहिले, हे त्यांना माहीत नाही.

घे, आता याची उलटतपासणी. हे मात्र वर्गात वाचायचं नाही.

यमुना


बंगळूर,
२९ ऑगस्ट १९६३

प्रिय अक्का,

पहिल्यांदा माफी मागतो. ती मागायला कुठलंही मासिक लागत नाही. पत्र वाचून दाखवायच्या आधी मी तुला विचारायला हवं होतं. तुझी सगळी पत्रं मी माझ्या पेटीत ठेवली आहेत आणि प्राध्यापकांना सांगितलं आहे की यावर मी निबंध लिहिणार नाही.

उलटतपासणीचं म्हणशील तर तू गेली असतीस तर ते मूल जगलं असतं का, याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडेही नाही. ‘तुझी काही चूक नाही’ असं मी लिहू शकतो, पण तू ते वाचून कागद चुलीत घालशील. इतक्या दिवसांत मला एवढंच कळलं आहे की माझी चूक झाली. मी साकवावर चढायची शिडी बांधत बसलो आणि तुझी भीती साकवाची नव्हतीच.

पण साक्षीदार एक आहे. त्या दिवशी त्या घरात काय झालं हे केशरला माहीत आहे. तू तिला भेटली आहेस का? या पत्राआधी तुझ्या एकाही पत्रात तिचं नाव नव्हतं. म्हणून मला वाटतं की भेटली नसशील.

तिला विचार. तिनं तुला निर्दोष ठरवावं म्हणून विचारू नकोस. नुसतं काय झालं ते विचार. ती जे सांगेल ते ऐकायला मला इथे बसून भीती वाटते, म्हणजे तुला किती वाटत असेल.

तुझा,
पुंडलिक


जोयड्याच्या पुढे चार मैल,
१२ सप्टेंबर १९६३

चि. पुंडलिक,

तुझं पत्र पोचायला सात दिवस लागले, आणि पुढचं सगळं त्यानंतरच्या आठवड्यात झालं. क्रमाने सांगते.

केशर शुक्रवारी मीठ आणि रॉकेल न्यायला इकडे आली होती. मला चुकवून जात होती, की मी तिला चुकवत होते, कोण जाणे. मी तिला हाक मारून आत घेतलं, चहा दिला आणि पिशवीची गोष्ट सांगून टाकली. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “मलाच ठाव न्हाई, अक्का. तुमी येऊन पोर वाचलं असतं का न्हाई, द्येवाला ठाव. पर मी दिसभर दाराकडं बघत व्हते. तुमी आला असता तर माझा हात धरून बसला असता, यवढंच.”

तिनं मला माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. चहा संपवला, रॉकेलचा डबा उचलला आणि गेली. पुंडलिक, मी अडीच महिने मूल वाचवण्याचा हिशोब करत बसले होते. ती बाई माझी वाट बघत होती हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी रडले आणि मग मला लाज वाटली.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास रोजच्याप्रमाणे साकवावर उभी राहायला गेले. थाळा वाजला नव्हता. पाहते तर पलीकडच्या पायवाटेने चार माणसं खांद्यावर एक दांडा घेऊन येतायत आणि दांड्याला घोंगडीची झोळी. झोळीत सुंदरी होती. तिला पहाटेपासून कळा येत होत्या. अक्काला साकवाची भीती वाटते, तिला कशाला त्रास, म्हणून त्यांनी थाळाच वाजवला नव्हता. अडलेल्या पोरीला ते त्या चाळीस पावलांवरून माझ्याकडे आणणार होते. पुढचा माणूस तर साकवावर चढलाही होता. व्हाळ दोन्ही काठ भरून चालला होता.

परशू ओरडला, “अक्का, तुमी थितंच ऱ्हावा. आमी आणतंव तिला. तुमास्नी भ्या वाटतंय न्हवं.”

मी ओरडले, “परशू, खाली ठेव तिला. मी येते.”

आणि गेले. तू विचारशील की मनात कोणतं वाक्य आलं. तेच आलं. घराचं छप्पर दिसलं तेव्हा अगदी तेच आलं, तेवढ्याच जोराने. मी त्याची उलटतपासणी करत बसले नाही, पुढचं पाऊल टाकलं. झोळीबरोबर आलेली केशर काठावर उभी होती, ती पुढे सरकली आणि तिनं हात दिला. हात धरायचा नाही असं तुझे डॉक्टर म्हणतात. मी धरला.

दुपारी दोनला सुंदरीला मुलगी झाली. नाळ गळ्याभोवती होती, सुटायला थोडा वेळ लागला. रडायलाही थोडा वेळ लागला, आणि मग थांबेना. सबंध वेळ सुंदरीचा एक हात केशरने धरला होता.

येताना त्याच साकवावर पुन्हा धडधडलं. मी मधोमध उभी राहिले, उतरू दिलं आणि आले. तेव्हा माझी भीती गेली असं लिहून तुला शेंडी लावणार नाही. परशूला मात्र ताकीद दिली आहे की थाळा वाजवायचाच.

काल मी पुन्हा पलीकडे गेले. कोणी बोलावलं नव्हतं. सुंदरीची मुलगी पाहिली आणि मग केशरच्या ओसरीवर बसले. ती भात निवडत होती, मीही सूप घेतलं. निवडता निवडता ती तिच्या मुलाबद्दल बोलू लागली. घरात कोणी तो विषय काढत नाही. मेलेल्या मुलाला नाव ठेवायची रीत नाही, पण तिनं मनात एक ठेवलं होतं. ते तिनं मला सांगितलं, अगदी हळू, आणि मी तसंच हळू एकदा म्हणून पाहिलं.

तुला सगळं लिहिते, पण ते नाव लिहीत नाही.

तुझी,
यमुनाक्का